आधीचा गर्भपात आणि नंतरच्या कळांचा कालावधी

पहिला गर्भ तिसऱ्या महिन्यात गेलेला असताना पुन्हा दिवस राहिले, की मनात येणारे बहुतेक प्रश्न 'हा तरी टिकेल ना' याच एका प्रश्नाभोवती फिरत राहतात. सातवा महिना ओलांडला आणि जरा धीर आला, म्हणजे मग प्रसूतीबद्दलचे प्रश्न सुचू लागतात. त्यांतला एक मला स्वतःला पडला होता आणि नंतर ओळखीतल्या अनेक जणींनी तो मला विचारला आहे. आधी एकदा गर्भपात झालेला असेल, तर पुढच्या प्रसूतीत कळा कमी वेळ चालतात की जास्त? येथे गर्भपात म्हणजे आपोआप झालेला गर्भपात, मग त्यानंतर क्युरेटिंग, म्हणजे पिशवी आतून साफ करणे, करावे लागलेले असो वा नसो.

या प्रश्नाला घरोघरी मिळणारी उत्तरे परस्परविरोधी असतात. 'वाट एकदा उघडली आहे, आता लवकर सुटशील' असे एक जण सांगते. 'पिशवी नाजूक झाली असेल, त्रास होईल' असे दुसरी सांगते. दोघींचा हेतू चांगला असतो, पण पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातापुरते बोलायचे तर दोघींच्याही म्हणण्याला फारसा आधार नाही. अशा गर्भपातानंतर पूर्ण दिवसांची प्रसूती होते तेव्हा कळांच्या कालावधीच्या दृष्टीने ती स्त्री पहिलटकरीणच असते. गर्भपात चौथ्या महिन्यात किंवा त्यानंतर झालेला असेल, तर उत्तर थोडे बदलते, आणि क्युरेटिंग झालेले असेल तर प्रसूतीच्या एका विशिष्ट टप्प्यावर लक्ष ठेवावे लागते. असे का, हे समजून घ्यायचे तर दुसरे बाळंतपण पहिल्यापेक्षा लवकर का उरकते, तेथून सुरुवात करावी लागते.

प्रसूतीचे टप्पे सर्वसाधारणपणे तीन मानले जातात. पहिल्यात गर्भाशयाचे तोंड मऊ होते, पातळ होत जाते आणि दहा सेंटिमीटरपर्यंत उघडते. दुसऱ्यात आई जोर लावते आणि बाळ बाहेर येते. तिसऱ्यात वार (प्लॅसेंटा) पडते. पहिल्या टप्प्याचेही दोन भाग असतात. सुरुवातीच्या संथ भागात कळा येतात, थांबतात, पुन्हा येतात, आणि तो किती तास चालेल याचे गणित कोणालाच नीट मांडता येत नाही. त्यानंतरचा जोरकस भाग जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच सेंटिमीटरपासून धरला जातो, आणि तो पहिलटकरणीत सहसा १२ तासांच्या पुढे जात नाही, तर आधी प्रसूत झालेल्या स्त्रीत १० तासांच्या पुढे जात नाही. जोर लावण्याच्या टप्प्यासाठी त्याच सूचनांमध्ये पहिल्या खेपेला साधारण तीन तास आणि पुढच्या खेपांना दोन तास अशी वरची मर्यादा सांगितली आहे. हे आकडे सरासरीचे नसून वरच्या टोकाचे आहेत. प्रत्यक्षात बहुतेक जणी त्याआधीच मोकळ्या होतात, आणि दुसऱ्या खेपेला तर पुष्कळच आधी.

हा फरक नेमका कोठे पडतो, याचे उत्तर मला स्वतःला अतिशय उद्बोधक वाटले. अमेरिकेतल्या १९ रुग्णालयांतील ६२,४१५ प्रसूतींच्या नोंदी तपासून २०१० मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपोआप कळा सुरू होऊन नैसर्गिक मार्गाने झालेल्या प्रसूतींचा तो अभ्यास होता. त्यात असे दिसले की गर्भाशयाचे तोंड सहा सेंटिमीटर उघडेपर्यंत पहिलटकरणी आणि आधी प्रसूत झालेल्या स्त्रिया जवळजवळ सारख्याच गतीने पुढे सरकतात. चारावरून पाचावर जायला सहा तासांहून अधिक वेळ लागला तरी त्यात वावगे काही असेलच असे नाही. सहाच्या पुढे मात्र आधी प्रसूत झालेल्या स्त्रियांचा वेग एकदम वाढतो आणि पहिलटकरणी मागे राहतात. म्हणजे दुसऱ्या बाळंतपणात वाचणारा वेळ मुख्यतः सहा सेंटिमीटरनंतर आणि जोर लावण्याच्या टप्प्यात वाचतो.

त्यामागचे शरीरातले कारण सरळ आहे. पूर्ण वाढ झालेल्या बाळाचे डोके आडवे मोजले तर साधारण साडेनऊ सेंटिमीटर भरते. ते बाहेर येताना गर्भाशयाचे तोंड, योनीमार्ग आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू असे ताणले जातात की ते पुन्हा तंतोतंत पूर्वीसारखे होत नाहीत. प्रसूती न झालेल्या स्त्रीच्या गर्भाशयाचे तोंड तपासणीत लहान गोल छिद्रासारखे दिसते, आणि एकदा योनीमार्गातून पूर्ण दिवसांची प्रसूती झाली की ते आडव्या फटीसारखे होते. पुढच्या वेळी याच वाटेने डोके खाली येताना अडथळा कमी होतो. पहिलटकरणीत गर्भाशयाचे तोंड बहुधा आधी पातळ होऊन मग उघडू लागते, तर पुढच्या खेपांना या दोन्ही गोष्टी बरोबरीनेच चालतात, आणि यातूनही वेळ वाचतो.

आता सुरुवातीच्या गर्भपाताकडे पाहावे. आठव्या आठवड्यात गर्भाची लांबी डोक्यापासून बुडापर्यंत दीड सेंटिमीटरच्या आसपास असते, दहाव्या आठवड्यात तीन आणि बाराव्या आठवड्यात साडेपाचच्या जवळपास. असा गर्भ आपोआप पडतो तेव्हा पोटात कळा येतात, त्या तीव्रही असतात, आणि ज्यांनी त्या सोसल्या आहेत त्यांना 'ते काही खरे बाळंतपण नव्हे' असे सांगणे निर्दयपणाचे आहे. पण गर्भाशयाचे तोंड त्या वेळी उघडते ते थोडेसेच, आणि नंतर ते मिटून पूर्ववत होते. पिशवी साफ करावी लागली तरी त्यासाठी तोंड उघडायला वापरल्या जाणाऱ्या सळया मिलिमीटरमध्ये मोजल्या जातात, आणि ढोबळमानाने जितक्या आठवड्यांचा गर्भ तितके मिलिमीटर असा हिशेब असतो. नऊ-दहा मिलिमीटर म्हणजे एक सेंटिमीटरच. जी वाट सहाच्या पुढे सोपी होते, ती एक सेंटिमीटरवरून परतलेल्या शरीराला ओळखीची होण्याचे कारण नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तर या सगळ्यात ताणलेच जात नाहीत. 'वाट उघडली आहे' हे म्हणणे येथेच संपते.

माझ्या तपासणीच्या कागदावर पहिल्याच ओळीत 'जी २ पी ०' असे लिहिलेले होते. यातला जी म्हणजे एकूण किती वेळा दिवस राहिले आणि पी म्हणजे बाळ जगू शकेल इतक्या आठवड्यांपुढे जाऊन किती वेळा प्रसूती झाली. कळांच्या कालावधीचा अंदाज बांधताना डॉक्टर पाहतात ते पी. घरातली माणसे मात्र 'ही दुसरी खेप' एवढेच धरून चालतात, आणि मग पहिल्या कळेपासून आठ-दहा तास उलटले की 'दुसऱ्या वेळी इतका वेळ?' अशी कुजबुज सुरू होते. त्या कुजबुजीचा त्रास कळा देणाऱ्या बाईलाच होतो, म्हणून ही गोष्ट सोबत राहणाऱ्या माणसाला आधीच समजावून ठेवलेली बरी. जरा विषयांतर करून सांगायचे तर हे पी सर्वत्र सारखे मोजले जात नाही. कोठे २० आठवड्यांची मर्यादा धरतात, कोठे २४, तर कोठे २८. बाविसाव्या आठवड्यात बाळ गमावलेल्या स्त्रीची नोंद एके ठिकाणी प्रसूती म्हणून होईल आणि दुसरीकडे गर्भपात म्हणून. शरीराने जे अनुभवले ते या नोंदीमुळे बदलत नाही. त्यामुळे अक्षरांपेक्षा आठवडा सांगणे केव्हाही अधिक उपयोगाचे.

चौथ्या ते सहाव्या महिन्यातल्या गर्भपाताची गोष्ट वेगळी आहे. विसाव्या आठवड्यात बाळाच्या डोक्याची रुंदी पावणेपाच सेंटिमीटरच्या जवळपास आणि वजन सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास असते. अशा वेळी जे घडते ती छोट्या मापाची प्रसूतीच असते. कळा तासन्‌तास चालतात, गर्भाशयाचे तोंड काही सेंटिमीटर उघडते, वार पडण्याची वाट पाहावी लागते. त्यानंतरच्या प्रसूतीत सुरुवातीचा भाग थोडा सुकर होण्याची शक्यता मी नाकारणार नाही. तरीही सहा सेंटिमीटरपुढचा आणि जोर लावण्याचा भाग या शरीरासाठी नवाच असतो, म्हणून फायदा धरायचा तर तो मर्यादितच धरावा, असे माझे मत आहे. पूर्ण दिवस भरल्यानंतर किंवा त्याच्या थोडे आधी मृत बाळ जन्माला आले असेल, तर मात्र ती शरीराच्या दृष्टीने संपूर्ण प्रसूती असते, आणि पुढच्या कळा दुसऱ्या खेपेसारख्या लवकर आटोपण्याची शक्यता तिला तितकीच लागू होते. त्या स्त्रीने रुग्णालयात जायला उशीर करू नये.

दुसऱ्या तिमाहीतल्या काही गर्भपातांमागे गर्भाशयाचे तोंड अकाली, फारशा कळा न येता उघडण्याचा दोष असतो. 'माझे तोंड लवकर उघडते, म्हणजे कळाही थोडक्यात संपतील' असा तर्क अशा वेळी काही जणी करतात. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. अशा स्त्रीला पुढच्या गरोदरपणात कधीकधी टाका घालतात आणि सर्वसाधारणपणे ३६ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान तो काढतात. टाका निघाला की लगेच कळा सुरू होतील असे वाटते, पण पुष्कळ जणींना त्यानंतरही कित्येक दिवस, कधी आठवडेही, थांबावे लागते. गर्भाशयाच्या तोंडाने अकाली दगा देणे वेगळे, आणि पूर्ण वाढलेल्या डोक्याला वाट करून देण्याचे काम त्याने किती तासांत उरकावे हे वेगळे.

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन येथे प्रसूतींच्या नोंदी वर्षानुवर्षे नीट जपल्या गेल्या आहेत, आणि त्यांच्या आधारे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या प्रश्नाच्या अगदी जवळ जातो. पहिला गर्भ गेल्यानंतर दुसऱ्यांदा गरोदर राहिलेल्या स्त्रियांची तुलना त्यात दोन गटांशी केली होती. एका गटात पहिल्यांदाच गरोदर असलेल्या स्त्रिया होत्या, तर दुसऱ्यात आधी जिवंत बाळ झालेल्या. आधी बाळ झालेल्यांशी तुलना केली तेव्हा गर्भपात झालेल्या स्त्रियांमध्ये चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून प्रसूती करावी लागण्याचे प्रमाण कितीतरी अधिक दिसले. पहिलटकरणींशी तुलना केली तेव्हा ती मोठी तफावत उरली नाही. कृत्रिम रीतीने कळा सुरू करण्याचे आणि प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचे प्रमाण मात्र पहिलटकरणींपेक्षाही काहीसे जास्त होते. हा अभ्यास तास मोजण्यासाठी केलेला नव्हता. तरी जोर लावण्याच्या टप्प्यात हे शरीर पहिलटकरणीसारखे वागते, ही गोष्ट त्यातून पुरेशी स्पष्ट होते.

कृत्रिम रीतीने कळा सुरू करण्याचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण गर्भपाताचा कळांच्या लांबीवर अप्रत्यक्ष परिणाम होऊ शकतो तो येथे. एकदा गर्भ गमावलेली आई आणि तिची डॉक्टर, दोघींनाही शेवटच्या आठवड्यांत थांबून राहणे जड जाते, आणि दिवस भरत आले की कळा सुरू करण्याचा निर्णय थोडा लवकर होण्याची शक्यता असते. गर्भाशयाचे तोंड तयार नसताना औषधाने कळा आणल्या, तर त्या सुरू होण्यातच बराच वेळ जातो, क्वचित दिवस-दीड दिवसही. नंतर त्या लांबलेल्या तासांचे खापर आधीच्या गर्भपातावर फुटते, जेव्हा खरे कारण कळा कशा सुरू केल्या हे असते. गर्भाशयाचे तोंड किती तयार आहे हे गुण देऊन ठरवण्याची पद्धत बिशप या अमेरिकन डॉक्टरांनी १९६४ मध्ये मांडली, आणि ती मुळात आधी प्रसूत झालेल्या स्त्रियांसाठी होती. 'दुसरी खेप' म्हणून कोणी कळा सुरू करण्याचा सल्ला हलक्याने देत असेल, तर हा गुणांक किती आहे असे अवश्य विचारावे.

क्युरेटिंगबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला धातूच्या उपकरणाने खरवडल्यावर काही वेळा तेथे व्रण राहतात आणि आतल्या बाजू एकमेकींना चिकटतात. ॲशरमन या डॉक्टरांनी १९४८ मध्ये या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले आणि तिला त्यांचेच नाव पडले. या अवस्थेमुळे आणि एकूणच वारंवार झालेल्या क्युरेटिंगमुळे पुढच्या गरोदरपणात वार गर्भाशयाच्या भिंतीला अधिक घट्ट धरून बसण्याचा धोका वाढतो. म्हणजे आधीच्या गर्भपाताचा प्रत्यक्ष परिणाम दिसलाच तर तो बहुधा तिसऱ्या टप्प्यात दिसतो, ज्याचा विचार कळांच्या चर्चेत कोणी करत नाही. बाळ झाल्यावर ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिले की वार बहुतेक वेळा काही मिनिटांत पडते. अर्धा तास उलटूनही ती पडली नाही, तर ती अडकली असे समजून पुढचे उपाय करावे लागतात, आणि त्या दरम्यान रक्तस्रावाची भीती असते. याशिवाय क्युरेटिंगनंतरच्या गरोदरपणात दिवस पूर्ण भरण्यापूर्वी प्रसूती होण्याचे प्रमाण किंचित वाढलेले आढळते. कळा लवकर सुरू होणे आणि कळा थोडा वेळ चालणे यांची गल्लत येथेही होऊ नये. आता बहुतेक ठिकाणी खरवडण्याऐवजी व्हॅक्यूमने ओढून घेऊन पिशवी रिकामी करतात किंवा गोळ्या देतात. जागतिक आरोग्य संघटनेचाही धारदार उपकरणाने खरवडण्याला विरोध आहे. एकदाच, लवकरच्या आठवड्यांत आणि गुंतागुंतीशिवाय झालेल्या प्रक्रियेमुळे फार घाबरून जावे असे काही नाही. पण ती झाली होती, हे प्रसूतीच्या वेळी हजर असणाऱ्यांना माहीत असलेच पाहिजे.

उरते ती भीती. नॉर्वेत सुमारे २,२०० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीची तीव्र भीती असलेल्या स्त्रियांच्या कळा इतरांपेक्षा सरासरी दीड तास अधिक चालल्या, आणि वेदनाशामक उपाय, कृत्रिम कळा वगैरे कारणे वजा केल्यावरही ४७ मिनिटांचा फरक उरला. गर्भपात झालेल्या प्रत्येक स्त्रीला प्रसूतीची भीती वाटते असे नाही. कित्येक जणींना बाळ हाती येईपर्यंतच्या प्रत्येक क्षणाची धास्ती असते, पण कळांची नसते. मी स्वतः त्यांपैकी होते. मात्र गर्भपाताच्या वेळचे रक्त, त्या वेदना, तपासणीचे टेबल हे सारे ज्यांच्या मनात ताजे असते, त्यांना प्रसूतिगृहात शिरताच ते आठवू शकते, आणि भेदरलेल्या शरीरात वाढणारे ॲड्रेनलिन कळांच्या लयीत अडथळा आणू शकते. आधीच्या गर्भपाताने कळा लांबवल्याच, तर त्या या मार्गाने लांबवण्याची शक्यता गर्भाशयाच्या 'नाजूकपणा'पेक्षा मला अधिक वाटते, आणि यावर काही करताही येते. प्रसूतीच्या सबंध काळात एक विश्वासाचे माणूस सतत सोबत असले तर कळांचा काळ सरासरी ४० मिनिटांनी कमी होतो, हे पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचण्या एकत्र तपासून दिसून आले आहे. पहिल्या टप्प्यात पडून राहण्याऐवजी उभे राहणे, चालणे, बसणे यांनी तो साधारण एक तास वीस मिनिटांनी घटतो. बाळाचे तोंड आईच्या पोटाकडे असणे, बाळ मोठे असणे, आईचे वजन अधिक असणे, एपिड्युरल, म्हणजे वेदना कमी करण्यासाठी पाठीच्या कण्यात दिले जाणारे औषध, घेतलेले असणे, यांचाही कालावधीवर परिणाम होतो. या यादीत पहिल्या तिमाहीतला गर्भपात मी मुद्दाम धरलेला नाही.

रुग्णालयात दाखल होताना मात्र तो सांगण्यावाचून पर्याय नाही, आणि 'आधी एकदा गर्भपात' एवढ्यावर थांबूही नये. कोणत्या आठवड्यात झाला, आपोआप पूर्ण झाला की गोळ्या घ्याव्या लागल्या, पिशवी साफ केली असेल तर कोणत्या पद्धतीने आणि किती वेळा, नंतर ताप, अती रक्तस्राव किंवा पाळी फार कमी होणे असे काही झाले होते का, हे सारे सांगावे. सोबतच्या नातेवाइकांना ही माहिती द्यायची नसेल, तर डॉक्टरांशी एकटीने बोलण्याची मागणी करता येते. आधीचे कागद असतील तर तेच दाखवावेत. कळा देता देता आठवडे आठवत बसण्याची वेळ येऊ नये.

एक प्रश्न याच्या उलट बाजूने येतो. पहिले बाळ झाले, मग गर्भपात झाला आणि आता तिसऱ्यांदा दिवस राहिले, अशा स्त्रीला वाटते की मधल्या गर्भपाताने सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. तसे होत नाही. पहिले बाळ योनीमार्गातून झाले असेल, तर सहा सेंटिमीटरपुढची वाट शरीराने एकदा पार केलेली असते आणि मधला गर्भपात ते पुसून टाकत नाही. दोन बाळंतपणांमध्ये बरीच वर्षे लोटली असतील, तर हा फायदा काहीसा ओसरतो. पहिले बाळ सिझेरियनने, आणि तेही कळा सुरू होण्याआधी, झाले असेल तर मात्र नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करताना ती स्त्री कळांच्या दृष्टीने पहिलटकरणीच्या जवळ जाते. मग तिच्या मधल्या गर्भपातांची संख्या कितीही असो.